टाकीतला डबा

माझी आई दार असलेल्या गाडीत बसत नाही. हे मी इतक्या पाहुण्यांना इतक्या वेळा सांगितलंय की आता कुणी "का गं?" म्हणालं तरी डोकं फिरतं. का म्हणजे काय! माझा धाकटा भाऊ तवंदीच्या घाटात व्हॅन उलटून गेला. व्हॅनची दारं आत दबली होती, पत्रा कापून त्याला बाहेर काढावं लागलं. हे कुणातरी शहाण्यानं मातीला आल्यावर आईच्या कानावर घातलं. तेव्हापासून कार असो नाहीतर बस, दार लागल्याचा आवाज झाला की आई उठून उभी राहते आणि म्हणते, "उतरव मला." रिक्षाला दार नाही, मान्य. पण बेळगावजवळच्या आमच्या कंग्राळीतनं निपाणीपर्यंत रिक्षा कोण नेणार? आणि माझ्या स्कूटरवर तिचे गुडघे दुमडत नाहीत.

निपाणीलाच जायचं होतं. आईची थोरली बहीण तिथं असते, आई तिला आक्का म्हणते. त्या मावशीचं एक अंग गेलं, वाचाही गेली. मावसभावाचा फोन आला. म्हणाला, "मावशीला घिऊन या. आईला बोलता येत न्हाय, पण दाराकडं बघत असती सारखी. डॉक्टर म्हणाले, काय सांगता येत न्हाय." मी आईला सांगितलं. ती भांडी घासत होती. तशीच राखेच्या हातानं म्हणाली, "चालत जातो मी."

"व्हय, जा चालत," मी म्हणाले. "मावशी वाट बघत बसती तवर!"

असं बोलायला नको होतं, पण माझ्या तोंडाला लगाम नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. आणि त्या दिवसांत तर मला बोलल्याचंही काही वाटायचं नाही. कशाचंच वाटायचं नाही. धाकट्याचं दिवसकार्य झालं तशी मी कामावर गेले. बेळगावच्या पलीकडं मच्छे गावात एका कारखान्यात मी तयार झालेले भाग तपासते, व्हर्नियर लावायचा, माप बघायचं, बरोबर असेल तर इकडं, नसेल तर तिकडं. ते करत राहिले. जेवणाची चव गेली होती. भूकही लागायची बंद झाली होती. ताट पुढं आलं तर खायचं, नाही आलं तर आठवणही व्हायची नाही. रडू एकदाही आलं नाही. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, पोरगी लई खंबीर हाय. खंबीर कसली, डोंबल! आतलं काहीतरी बंद पडलं होतं आणि मला ते उघडून बघायचंही नव्हतं.

चालत जातो म्हणाल्यावर दोन-चार दिवसांनी आई परड्यात उभी होती. तिथं पत्र्याच्या शेडमध्ये आप्पांची जुनी जीप पडून असायची. आप्पा म्हणजे माझे वडील. त्या जीपमधनं त्यांनी बरीच वर्षं कोबी, फ्लॉवर, मिरची कोल्हापूरला नेली. मग डिझेल इंजिनाचा ठोकळा तडकला, त्याचे भाग मिळेनात, आणि जीपवर कोंबड्या बसायला लागल्या. आईनं जीपच्या कडेला हात लावला, आत वाकून बघितलं.

"ह्यात बसतो मी," ती म्हणाली. "ह्येला दार न्हाय."

आप्पा पायरीवर बसून तंबाखू मळत होते. त्यांनी जीपकडं बघितलं नाही. शेडच्या पलीकडं ताडपत्रीखाली धाकट्याची व्हॅन होती, तिकडं बघितलं. ती पोलिसांकडनं सुटून आली तशी तिथंच टाकून ठेवली होती. विकायचं नाव कुणी काढत नव्हतं. टप चेंबलेला, मागचा भाग चेंबलेला, पण इंजिन आणि गिअरबॉक्स जसेच्या तसे.

"त्येचं इंजिन चांगलं हाय," आप्पा म्हणाले.

कोंबड्यांचा तेवढा आवाज. मला वाटलं आई आता रडेल, नाहीतर आप्पांवर ओरडेल. ती म्हणाली, "दार तेवढं नको. बाकी कुणाचं काय बी घाला."

माझ्या कारखान्याजवळच एका मेस्त्रींचं गॅरेज आहे. मूळचे सदलग्याचे, अर्धं मराठी, अर्धं कानडी, आणि बोलणं असं की गाडी नुसत्या बोलण्यावर चालू व्हावी. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. जीप आणि व्हॅन दोन्ही ओढून त्यांच्याकडं नेल्या. अण्णांनी दोन्हींभोवती एक चक्कर मारली आणि मला म्हणाले, "आगतैती! होतंय की. आक्का, तू टेन्शनच घेऊ नको." पुढं त्यांचं हे कानडी 'आगतैती' ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आरटीओची परवानगी मी रजा टाकून काढली. इंजिन बसवायचं काम अण्णांनी केलं, रोज सुटी झाली की मी तिथं जाऊन उभी राहायची.

व्हॅनमधनं इंजिन काढलं त्या दिवशी ड्रायव्हरच्या सीटखाली धाकट्याची एक चप्पल सापडली. अंगठा तुटलेला, तारेनं बांधलेला. मी ती पिशवीत टाकली आणि अण्णांना विचारलं, "पुढचा नट कितीचा हाय?" अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग पाना शोधायला गेले, आणि लई वेळ शोधत होते.

इंजिन बसलं. गिअरबॉक्स बसला. मागच्या चाकांना जाणारा दांडा कापून, जोडून बसवला. अडलं ते टाकीपाशी.

हे जरा सांगावं लागेल. जीपचं जुनं इंजिन डिझेलचं होतं. ते आपलं आपण टाकीतनं डिझेल ओढून घ्यायचं. टाकीत एक नळी सोडली की झालं. धाकट्याच्या व्हॅनचं इंजिन पेट्रोलचं, नव्या पद्धतीचं. त्याला पेट्रोल जोरात लागतं, आणि तो जोर लावायला टाकीच्या आतच एक विजेचा पंप बसवलेला असतो. तो कायम पेट्रोलमध्ये बुडालेला पाहिजे. हवा ओढली की इंजिन खोकतं आणि मरतं. बरं, मग व्हॅनचीच टाकी घ्यायची ना? तर ती अपघातात फुटली होती. पंप तेवढा वाचला होता.

पण तो पंप होता उभा, उंच, खाली प्लास्टिकची वाटी असलेला. आणि जीपची टाकी होती पसरट. उंची वीतभर नाही, रुंदी मात्र गादीएवढी. तो पंप तिच्यात उभा राहीना. मग अण्णांनी व्हॅनच्या टाकीच्या तोंडाची गोल कडी कापून जीपच्या टाकीवर जोडली, पंपाची खालची वाटी काढून टाकली आणि नुसता पंप आडवा करून आत बसवला. "आगतैती," म्हणाले. टाकी धुऊन धुऊन आतला डिझेलचा गाळ काढला, पेट्रोल घातलं, चावी फिरवली. टाकीतनं 'घूं' असा आवाज आला आणि इंजिन लागलं. अगदी पहिल्या झटक्याला. व्हॅन घरी यायची तेव्हा गल्लीच्या तोंडाशी असाच आवाज यायचा. मी मागं सरले. आप्पा बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, ते गरम झालं तरी हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी आई बसली. मागच्या आडव्या बाकावर. जीपमध्ये टाकी त्या बाकाच्या खालीच आहे. हातात आक्कासाठी गूळ-शेंगदाण्याची पिशवी. मी चालवत होते, आप्पा शेजारी. गावातनं हळूहळू निघालो, लोक बघत होते, एक-दोघांनी हातही जोडले. आई उतरव मला असं म्हणाली नाही. मला वाटलं, जमलं.

काकतीच्या अलीकडच्या चढाला जीप खोकली. परत खोकली. आणि बंद पडली. मागं बस, बसच्या मागं उसाचा ट्रॅक्टर, त्याच्या मागं सगळं बेळगाव. हॉर्नवर हॉर्न. "अहो बाई, बाजूला घ्या की!" "बाजूला घ्यायला उडवू व्हय?" मी ओरडले. चावी फिरवतेय, घूं घूं होतंय, इंजिन लागत नाही. मागं वळून बघितलं तर बाक रिकामा. आई उतरून रस्त्याच्या कडेनं घराकडं चालायला लागली होती, पिशवी छातीशी धरून. आप्पा तिच्या मागनं गेले. मी तिथं एकटी, त्या हॉर्नांच्या मध्ये, आणि एवढं होऊन मला काय वाटलं म्हणता? काही नाही. फक्त वाटलं, चला, आता ओढायला गाडी बोलवायची.

घरी आल्यावर आई म्हणाली, "एक डाव बसलो मी. आता बसलो आणि परत बंद पडली, तर मग मला सांगू नका. आक्काला माझा नमस्कार कळवा." ती असं म्हणाली की तसंच करते. म्हणजे आमच्या हातात एकच खेप उरली होती. आणि निपाणीहून मावसभावाचा रोज फोन.

अण्णांनी आधी बॅटरीवर खापर फोडलं. मग वायरीवर. मग पेट्रोलवर, मग माझ्या चालवण्यावर. इथं माझी सटकली. "मी चालवली म्हणून बंद पडली व्हय? जॅक लावा," मी म्हणाले. "पुढनं उचला जीप. चढावर असल्यासारखी करा." जॅक लावला, खाली दगड रचले, जीपचं तोंड वर झालं. टाकीचं झाकण उघडून टॉर्चच्या उजेडात आत बघितलं. सगळं पेट्रोल मागच्या कोपऱ्यात जाऊन बसलं होतं आणि पंपाचं तोंड कोरडं, हवेत. टाकीत पेट्रोल होतं. पंपाला मिळत नव्हतं, एवढंच.

"टाकीत पत्रे न्हाईत?" अण्णा म्हणाले. "आत उभे पत्रे असतात की, पेट्रोल हिंदकळू ने म्हणून. ह्यात एक बी न्हाय. कुठल्या येड्यानं केली ही टाकी?"

आप्पा खाकरले.

आमच्याकडं हे सगळ्यांनी केलंय, म्हणून त्यांना एकट्याला बोलण्यात अर्थ नाही. तरी मी बोलले. कर्नाटकात डिझेल स्वस्त, कागलच्या पुढं महाराष्ट्रात महाग. सीमेवरच्या माणसानं पलीकडं जाऊन तेल भरणं म्हणजे कमीपणा. माझे आप्पा कोल्हापूरला उपाशी राहतील, पण तिथल्या पंपावर गाडी लावणार नाहीत. म्हणून निघताना निपाणीत टाकी गळ्यापर्यंत भरायची आणि त्यातच जाऊन यायचं. त्यासाठी तेव्हा सगळे जण मोठ्या पसरट टाक्या करून घ्यायचे, मूळची टाकी काढून. आप्पांनी तर पुढची पायरी गाठली होती. टाकी करणाऱ्याला सांगितलं होतं, आतले पत्रे घालू नको, तेवढीच जागा अडते, तेवढंच डिझेल जास्त मावंल.

"पत्र्यानं किती जागा अडती आप्पा? तांब्याभर?" मी विचारलं.

"तांब्याभर का हुईना," आप्पा म्हणाले. "डिझेल इंजिनानं कदी तक्रार क्येली न्हाय."

"मग ही टाकी काढून टाकू."

"टाकीला हात लावायचा न्हाय."

"अहो, गाडी बंद पडतीया!"

"ती पंपाची चूक. टाकी चांगली हाय."

असा आमचा गॅरेजमध्ये तमाशा. शेजारचा टायरवाला काम सोडून ऐकायला आला. शेवटी अण्णा म्हणाले, पत्रे आत घालायचे तर टाकी वरनं पूर्ण कापावी लागेल, परत जोडून तपासायला दिवस जातील. टाकी कायम गच्च भरून ठेवायची म्हटलं तर घाटात पाऊण टाकी झाली तरी एवढ्या पसरट टाकीत पेट्रोल एका बाजूला पळणारच. त्याच दिवशी मावसभावाचा फोन आला, मावशी आता चमच्यानं दिलेलं पाणी पण तोंडातनं बाहेर सोडती म्हणून. आप्पांनी तो फोन ऐकला. म्हणाले, "काय करायचं ते करा."

काय करायचं हे मला त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी कामावर सुचलं, हातात एक गोल भाग आणि व्हर्नियर असताना. व्हॅनच्या पंपाला खाली वाटी होती. कंपनीनं ती उगाच दिली होती व्हय? पंप वाटीत उभा. इंजिनाला नको असलेलं पेट्रोल परत येतं, ते वाटीतच पडतं. वाटीच्या बुडाला एक भोक, त्यावर रबराची पडदी. बाहेरनं पेट्रोल आत येतं, आतलं बाहेर जात नाही. टाकीत पेट्रोल कुठंही हिंदकळू दे, वाटी भरलेली राहते. आणि आम्ही नेमकी तीच वाटी काढून फेकली होती.

सुटी झाल्या झाल्या गॅरेजात गेले. "वाटी कुठाय?"

अण्णांनी भंगारात हात घातला. वाटी कापून बुटकी करायच्या नादात तिचे दोन तुकडे झाले होते. रबराची पडदी तेवढी शाबूत. अण्णांना मान्य करायला जड गेलं, पण म्हणाले, "व्हय की आक्का. चुकलंच." मग त्यांनी पत्र्याची एक वाटी बनवून बघितली. ती एकतर टाकीच्या कडीतनं आत जाईना, आणि पंप आत बसवला की झाकण लागेना. शिवाय साधा पत्रा आत गंजणार, गंज पंपात जाणार. "स्टीलचं गोल काहीतरी बघ," अण्णा म्हणाले. "घरात असतंय बघ, डबा-बिबा."

मी माप घेतलं. कडीतनं जाईल एवढी रुंदी, वीतभराच्या आतली उंची. घरी येऊन स्वयंपाकघरात फळीवरची भांडी एकेक काढून व्हर्नियर लावायला बसले. पेला अरुंद. वाटी पसरट. तुपाचं भांडं उंच. चहाचा डबा कडीतनं जाणार नाही. आई गॅसपाशी उभी राहून बघत होती. मी तिला सांगितलं नव्हतं, तिनं विचारलं नव्हतं.

एक भांडं मी मुद्दाम मोजलं नव्हतं. वरच्या फळीवर, देवाच्या फोटोशेजारी, धाकट्याचा जेवणाचा डबा होता. एकावर एक तीन डब्यांचा, त्यांना आम्ही ताळी म्हणतो, वर कडी. तो व्हॅनमधनं पोलिसांनी बाकीच्या सामानाबरोबर परत दिला होता. आईनं तो उघडला तेव्हा मी तिथं होते. भाकरी तशीच, वांग्याची भाजी तशीच, वरचा ठेचासुद्धा तसाच. त्या दिवशी तो जेवलाच नव्हता. आई तेव्हा मोठ्यानं ओरडली होती, "उपाशी गेला गं माझा! उपाशी गेला!" मातीच्या वेळी ओरडली नाही एवढी. मग तिनं डबा घासून पुसून वर ठेवला, आणि त्याला घरात कुणी हात लावला नाही.

आईनं स्टूल ओढलं. चढली, डबा काढला. कडी उघडून खालचं ताळं वेगळं केलं आणि माझ्यापुढं जमिनीवर ठेवलं.

"मोज," ती म्हणाली.

मी मोजलं. रुंदी बसत होती. उंची बसत होती. मला वाटलं, न बसतं तर बरं झालं असतं.

"काय करणार ह्येचं?" तिनं विचारलं. मी सांगितलं. टाकीत पेट्रोल इकडं-तिकडं पळतं, म्हणून गाडी बंद पडते. हे ताळं टाकीत ठेवायचं, पंप ह्यात बसवायचा. म्हणजे ह्यात पेट्रोल कायम राहील.

"चढाला बी?"

"चढाला बी. उताराला बी."

"ह्यातलं संपत न्हाय?"

"टाकीत हाय तवर न्हाय संपत. आपोआप भरतं."

ती खाली बसली. ताळं हातात घेऊन पदरानं आतनं पुसलं, ते स्वच्छच होतं तरी. "आणि काय करावं लागतं?"

"बुडाला एक भोक पाडावं लागतं," मी म्हणाले. खोटं बोलायला सुचलंच नाही.

ताळं तिच्या मांडीवर. बाहेर आप्पांनी कुणाला तरी हाक मारली, कुत्रं भुंकलं, दूध उतू गेलं. दोघींनीही उठून गॅस बंद केला नाही.

"पाड," ती म्हणाली आणि उठली.

भोक मीच पाडलं, अण्णांना पाडू दिलं नाही. ड्रिलचा कीस पडला तो फुंकला. भोकावर रबराची पडदी बसवली, पंप आडवाच बसवला, परत येणारी नळी वरनं आत सोडली. ताळं टाकीच्या कडीतनं आत गेलं, कुठंही घासलं नाही. मग पुढनं जॅक लावून, मागनं जॅक लावून, दोन्ही बाजूंनी तिरकी करून, टाकीत मुद्दाम थोडंच पेट्रोल ठेवून तासभर इंजिन चालू ठेवलं. खोकलं नाही. मग मी एकटीनं काकतीचा तोच चढ घेतला, वर जाऊन वळून परत घेतला, परत घेतला. अण्णा म्हणाले, "आता तर म्हणू का आगतैती?" मी म्हणाले, "म्हणा." त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा राग आला नाही.

निघायच्या दिवशी आई बाकावर जाऊन बसली. तीच पिशवी, तोच गूळ. आप्पा पुढं. टाकी निम्मी होती, गच्च भरायची गरज नव्हती. काकती गेली. हत्तरगी गेली, संकेश्वर गेलं. रस्त्याचं काम चालू होतं, जागोजाग खाली उतरवत होते, वर चढवत होते, धूळ नुसती. आरशात मला आई दिसत होती. तिनं एक हात बाकाच्या फळीवर पालथा ठेवला होता, दाबून. खाली टाकी होती.

तवंदीचा घाट आला. माझे हात स्टिअरिंगला चिकटले. जिथं व्हॅन गेली तिथं कठडा नवा आहे, पांढरा, बाकीचा जुना. आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं आई थांबव म्हणेल, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, नको म्हणू, थांबवली आणि परत लागली नाही तर? वळण आलं, जीप एका अंगाला झुकली, मी कान टाकीकडं लावले. इंजिन एका सुरात चालत होतं. पांढरा कठडा आला आणि मागं गेला. मला काही वाटलं नाही. खरं सांगते, त्या जागेवरनं जाताना मला काहीही वाटलं नाही. खाली निपाणी दिसायला लागली तेव्हा आप्पांनी टोपी घातली.

मावशी कॉटवर होती, तोंड दाराकडं. आई आत गेली आणि तिच्या डोक्याशी बसली. मावशीचा एक हात चालत होता, तिनं त्या हातानं आईचा दंड धरला तो सोडेना. आई तिच्या कपाळावरनं हात फिरवत "आलो की गं आक्का, आलो की," एवढंच म्हणत होती. मावसभावाची बायको गुळाची पिशवी घेऊन उभी होती, तिलाही रडू आवरेना. ती घरात आल्यागेल्याला विचारतात तसं म्हणाली, "मावशी, कुणी घिऊन आलं तुमास्नी?"

मी दारातच होते. हातात चावी, अंगावर कागलच्या सीमेपर्यंत उडेल एवढी धूळ. मी तोंड उघडलं होतं, "मी, दुसरं कोण?" म्हणायला.

"धाकट्यानं आणलं," आई म्हणाली. "पोटभर जेवून निघालाय आज. कुठं थांबला न्हाय."

मावशीनं मान हलवली. तिला कळलं, नाही कळलं, देव जाणे. वहिनी माझ्याकडं बघायला लागली. मी बाहेर आले, जीपपाशी उभी राहिले आणि टाकीच्या झाकणावर हात ठेवला. ते ऊन लागून तापलं होतं. तिथं मला रडू आलं. कसं येत होतं काय सांगू, नाकातोंडातनं, रस्त्यावरची माणसं बघत होती आणि मला थांबता येत नव्हतं. आप्पा जीपच्या दुसऱ्या बाजूला तोंड फिरवून उभे होते.

किती वेळ गेला माहीत नाही. मग तोंड धुतलं, आत गेले, आणि वहिनीला विचारलं, "वैनी, काय हाय गं खायाला? लई भूक लागलीया."